आत्याबाई

रत्नागिरीतल्या मिरकरवाड्याच्या जेटीवरून बाटलीला सुतळी बांधून आम्ही पाणी काढलं, तेव्हा तिचा विचारही कोणाच्या डोक्यात नव्हता. आम्हाला हवे होते डिझेल खाणारे जिवाणू. होड्या अंगाला अंग लावून उभ्या, मधल्या पाण्यावर सप्तरंगी तवंग, त्यात माशांची खवलं आणि विरघळत चाललेले बर्फाचे तुकडे. असल्या पाण्यात तेलावर जगणारं कोणीतरी असणारच, असा आमचा हिशेब. बाटली बर्फात घालून कॉलेजात आणली, थेंब थेंब आगरच्या थाळ्यांवर पसरला आणि थाळ्या कपाटात ठेवून दिल्या. (हे आगर म्हणजे समुद्रशेवाळापासून काढलेला, खरवसासारखा थिजणारा पदार्थ. कोकणात आगर म्हटलं की नारळी-पोफळी डोळ्यांसमोर येतात, आणि पहिल्या वर्षाची पोरं त्यावरून दरवर्षी तोच विनोद नव्यानं करतात.)

तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं. पांढरट, पिवळट, मळकट ठिपके, म्हणजे जिवाणूंची नेहमीची गर्दी. आणि एका थाळीच्या कडेला, सगळ्यांपासून जरा अंतर राखून, एक मोहरीएवढा गुलाबी थेंब.

‘‘आली बघा आत्याबाई,’’ मामा म्हणाले.

मामा म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर. पोरांना नावानं न ओळखणारे मामा जिवाणूंना मात्र चेहऱ्यानं ओळखायचे. ही गुलाबी बया त्यांना चांगली माहीत होती. पावसाळ्यात खिडकी उघडी राहिली, बुचाचा कापूस ओला झाला, कोणी पोरगं थाळीवर तोंड आणून बोललं, की चार दिवसांत हिनं हजेरी लावलेली असायची. बोलावणं नाही, चालणं नाही. येते, कडेला बसते, कोणाशी भांडत नाही, पण बाकीचे सुकून गेले तरी ही आपली ताजीतवानी. म्हणून आत्याबाई. माझी सख्खी आत्या दर गणपतीला चिपळूणहून यायची आणि दिवाळीच्या तोंडावर जायची, त्यामुळे मला हे नाव लगेच पटलं.

ती जिवाणू नव्हे, यीस्ट; कागदोपत्री नाव रोडोटोरुला. ग्रीक भाषेत गुलाबाला ‘रोडोन’ म्हणतात, त्यावरून. आमच्या बाटलीतून निघाली ती बहुधा रोडोटोरुला म्युसिलॅजिनोसा. म्युसिलॅजिनोसा म्हणजे बुळबुळीत, आणि हे विशेषण तिला वाजवी आहे. तारेच्या फासानं तिला उचलायला गेलं की भोकराच्या चिकासारखी तार सुटते. प्रत्येक पेशी स्वतःभोवती एक चिकट पांघरूण घेऊन बसते, त्यामुळे तिची वसाहत कधी कोरडी दिसत नाही; नुकतं तेल लावून न्हाऊन आल्यासारखी तुकतुकीत दिसते. रंगाला नुसतं गुलाबी म्हणणं आळसाचं आहे. पहिल्या दिवशी फिकट, बाळाच्या तळव्यासारखा. चौथ्या दिवशी पोवळ्याचा. आठवड्यानं, थाळी सुकायला लागली की, मांडवीच्या बाजारात चांगल्या प्रतीचे सोडे (सुकवलेली कोलंबी) मिळतात ना, त्यांचा तो नारिंगी-गुलाबी रंग. ही सोड्यांची उपमा मी सौंदर्यासाठी देत नाही, तिच्यामागे नातं आहे, त्याकडे येतोच.

सूक्ष्मदर्शकाखाली मात्र बाई अगदीच साधी. लंबगोल पेशी, एका मिलिमीटरच्या ओळीत सहज दोनशे मावतील एवढ्या, कुठे कुठे कडेला कोंब फुटलेला. रंग? दिसतच नाही. एकेकटी पेशी जवळजवळ पाण्याच्या रंगाची वाटते. लाखो एकत्र बसल्या की मगच गुलाबी रंग डोळ्यांत भरतो. पहिल्यांदा पाहणारी पोरं हमखास म्हणतात, ‘‘सर, चुकीची स्लाइड लावली.’’

आता खानदान. यीस्ट म्हटलं की आपल्याला पावाचं यीस्ट आठवतं आणि ही त्याचीच कोणीतरी गुलाबी बहीण असावी असं वाटतं. तसं मुळीच नाही. पावाचं यीस्ट एका घराण्यातलं, ही दुसऱ्याच. हिच्या घराण्यात अळंबी आहेत. त्यातही हिची शाखा तीच, ज्या शाखेत गव्हावरचा आणि भुईमुगावरचा तांबेरा येतो. शेतकरी ज्याच्या नावानं बोटं मोडतो त्या तांबेऱ्याची ही चुलतबहीण. तांबूस रंग घराण्यातच असावा असं वाटून जातं, पण रंगावरून नातं जुळवायला मी धजणार नाही.

नावाचा घोळ तर ऐकण्यासारखा आहे. हिच्या कुळातल्या साऱ्याजणी जन्मभर कुमारिका, नुसत्या कोंब फुटून वाढणाऱ्या, अशीच बराच काळ समजूत होती. १९६७ मध्ये इसाओ बान्नो या जपानी संशोधकानं दाखवून दिलं की यांतल्या काहींची चक्क लग्नं लागतात. दोन वेगळ्या गोत्रांच्या पेशी समोरासमोर आल्या तर त्यांचा संयोग होतो आणि तांबेऱ्यासारखे जाड बीजाणू तयार होतात. मग रीतसर नाव बदललं: लग्न झालेली ती रोडोस्पोरिडियम, बिनलग्नाची ती रोडोटोरुला. एकाच बाईच्या दोन नावांनी पुस्तकं भरली. पुढे बुरशीशास्त्रज्ञांनी ठरवलं की एका बुरशीला एकच नाव असावं, आणि २०१५ मध्ये झालेल्या फेरमांडणीत यांतल्या बहुतेकांना पुन्हा रोडोटोरुला करून टाकलं. म्हणजे माहेरचं नाव परत. आधार कार्डावरचं नाव बदलायला रांगेत उभ्या राहिलेल्या कुठल्याही बाईला हा प्रकार समजेल.

ती समुद्राची की जमिनीची, यावरही वाद आहे. समुद्रात यीस्ट असतं हे १८९४ मध्ये फिशर यांनी अटलांटिकच्या पाण्यातून काढून दाखवलं, आणि त्यांच्या नोंदींपासूनच समुद्री यीस्टचा इतिहास सुरू होतो. आपल्या बाजूच्या समुद्राची पाहणी व्हायला १९६०चं दशक उजाडावं लागलं. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम निघाली, अनेक देशांची जहाजं आली, आणि त्या मोहिमेच्या पोटातूनच १ जानेवारी १९६६ रोजी गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली. जॅक फेल यांनी १९६७ मध्ये हिंदी महासागरातल्या यीस्टच्या प्रसाराचा आढावा छापला. तेव्हापासून एवढं नक्की कळलं आहे की भर समुद्रात यीस्ट फार विरळ, लिटरभर पाण्यात दहा पेशीही नाहीत. किनाऱ्याकडे यावं तशी गर्दी वाढत जाते आणि लिटरला काही हजारांवर पोचते. खाडी, कांदळ, बंदर, म्हणजे जिथे माणसाची आणि झाडांची घाण येते तिथे यांची वस्ती दाट.

आत्याबाई तर दोन्हीकडची. ती समुद्रात सापडते, खोल समुद्रातल्या गाळात सापडते, अंटार्क्टिकात सापडते, आंब्याच्या पानावर बसते, हवेतून फिरते, फ्रिजच्या रबरात राहते. मीठ तिला चालतं, नसलं तरी चालतं. तिच्या नावामागे ‘समुद्री’ लावणं म्हणजे मुंबईला नोकरी करणाऱ्या माणसाला मुंबईकर म्हणण्यासारखं आहे. खोटं नाही, पण शिमग्याला तो कुठे असतो ते बघा. आणि एक गोष्ट लपवू नये. फार अशक्त रोग्याच्या शिरेत बरेच दिवस नळी घातलेली असेल, तर त्या नळीच्या वाटेनं ही रक्तात शिरल्याच्याही नोंदी आहेत. धडधाकट माणसाच्या वाटेला ती सहसा जात नाही, तरी थाळी उघडल्यावर हात धुवा, असं मी पोरांना बजावतो ते उगाच नाही.

तिच्या स्वभावाची खरी ओळख मला एका उपड्या नळीनं करून दिली. यीस्टनं साखर खाऊन फसफसावं अशी आपली अपेक्षा. ते तपासायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे: साखरेच्या पाण्यात करंगळीच्या पेरापेक्षाही लहान अशी काचेची नळी उपडी बुडवायची, वायू झाला की तिच्या डोक्यावर बुडबुडा साठतो. पावाचं यीस्ट एका रात्रीत नळी वर उचलतं. आत्याबाईची नळी आम्ही आठ दिवस पाहिली. पाणी गढूळ झालं, कडेला गुलाबी वर्तुळ आलं, बुडबुडा नाही. मामा रोज सकाळी वाकून बघत आणि मान हलवत. या कुळाला साखर फसफसवता येतच नाही. दारू नाही, वायू नाही. हवा मिळाली तर खाईन, नाहीतर बसून राहीन.

आणि तरीही हिच्याकडून रंग काढून घ्यायच्या उद्योगाला सगळे ‘किण्वन’ म्हणतात, भांड्याला फर्मेंटर म्हणतात. कारखान्याच्या बोलीत भांड्यात सूक्ष्मजीव वाढवून काहीही करून घेतलं की ते किण्वन, मग आतली बाई किण्वन करो वा न करो. या भांड्यात हिचे लाड काय विचारता! खालून गाळलेली हवा सोडायची, पंखा फिरवत ठेवायचा, पाणी साधारण पंचवीस-अठ्ठावीस अंशांवर राखायचं, आंबटपणा जास्त होऊ द्यायचा नाही. हवा जास्त झाली की फेस येतो, फेस वर चढला की गाळणी भिजते, गाळणी भिजली की बाहेरचे पाहुणे आत. शिवाय हिचा चिकटपणा. काचेला जो गुलाबी पट्टा धरतो तो घासायला नारळाची शेंडीच लागते.

रंगाची गोष्ट सांगण्याआधी स्वयंपाकघरात जाऊ. बांगड्याचं तिखलं उकळलं की वर लाल तवंग येतो. तो रंग मिरचीचा, आणि तो पाण्यात न उतरता तेलातच उतरतो, म्हणून तर वर तरंगतो. शेजारी सोलकढीचं भांडं असतं. तिचा गुलाबी रंग कोकमाचा, तो सरळ पाण्यात मिसळतो. एकाच ताटात रंगांच्या या दोन जाती आपण रोज जेवतो. आत्याबाई पहिल्या जातीतली. गाजर, मिरची, टोमॅटो, पिकलेला हापूस यांच्यात जे कॅरोटिनॉइड असतात त्यांचेच भाऊबंद तिच्या पेशीतल्या चरबीच्या थेंबांत विरघळून असतात: थोडं बीटा-कॅरोटीन, आणि त्याबरोबर तिची खास दोन, टोरुलीन आणि टोरुलार्‍होडिन. हे सगळे रेणू लांबलचक साखळ्या. साखळीत एकाआड एक येणारे दुहेरी बंध जितके जास्त, तितका रंग पिवळ्याकडून लालीकडे सरकतो. गाजराच्या बीटा-कॅरोटीनमध्ये असे अकरा, टोरुलीनमध्ये तेरा. दोन बंधांच्या फरकात गाजराचं पोवळं होतं.

सोड्यांचं नातं हेच. कोलंबीच्या अंगातही याच घराण्यातला अ‍ॅस्टाझँथिन असतो, पण जिवंतपणी तो एका प्रथिनाच्या मिठीत असल्यामुळे राखाडी-निळा दिसतो. कढईत पडली की उष्णतेनं प्रथिन सैल होतं आणि कोलंबी लाल. कोलंबीला हा रंग स्वतः तयार करता येत नाही. तिला तो खाण्यातून मिळतो. बहुतेक सगळ्या प्राण्यांचं असंच आहे. याला एक चोर अपवाद निघाला: मावा. हो, पिकावर पडतो तोच. २०१० मध्ये अमेरिकेत नॅन्सी मोरान आणि टायलर जार्विक यांनी दाखवलं की वाटाण्यावरचा लाल मावा टोरुलीन स्वतः बनवतो, आणि ते बनवण्याची जनुकं त्याच्या पूर्वजानं केव्हातरी एखाद्या बुरशीकडून उचलली आहेत. आत्याबाईच्या घराण्याची नक्षी माव्याच्या अंगावर. लुगडं एकीचं, मिरवते दुसरीच.

ती हा रंग करते कशाला? आपल्या बर्फीसाठी नक्कीच नाही. ऊन आणि हवा यांचा एकत्र मार पेशीला सोसत नाही. कॅरोटिनॉइड तो मार स्वतःवर घेतात. याच यीस्टचे रंग गेलेले पांढरे वाण उन्हात ठेवले तर लवकर मरतात. म्हणजे ही छत्री आहे. आणि छत्री माणूस पाऊस असेल तेव्हाच उघडतो. हे लक्षात यायला आम्हाला एक अख्खा मार्च महिना लागला.

मार्चात रत्नागिरीत काजूच्या बागांखाली बोंडू कुजत पडलेले असतात. बी काढून घेतली की फळाला कोणी विचारत नाही. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे माश्या होतात. रसात साखर भरपूर, शिवाय फुकट. हिच्या खाण्यासाठी जगभर लोक मळी वापरतात, पनीरचं पाणी वापरतात. आपण बोंडूचा रस का वापरू नये, असं तिसऱ्या वर्षाच्या दोघी मुलींच्या डोक्यात आलं. रसाचा तुरटपणा सूक्ष्मजीवांना मानवत नाही. तो काढायचा घरगुती उपाय म्हणजे तांदळाची पेज: रसात पेज ओतली की तुरट द्रव्यं गुठळ्या होऊन तळाला बसतात. मामांनी घरून पितळी पातेल्यात पेज आणली. निवळ रस पातळ केला, त्यात चिमूटभर नत्र घातलं, फ्लास्कमध्ये भरून ऑटोक्लेव्ह केला (म्हणजे मोठा प्रेशर कुकरच), आणि थंड झाल्यावर आत्याबाईला त्यात सोडलं. शेकरवर पाच फ्लास्क मावले. सहावा मावेना, तो मामांनी पूर्वेच्या खिडकीत ठेवला.

पाच दिवस शेकर घरघरत राहिला. पाचव्या दिवशी पोरींचे चेहरे पडले. फ्लास्क दाट भरले होते, वाढ झकास, पण रंग? धुवून धुवून उतरलेल्या परकराचा. खाऊन-पिऊन सुटलेली, पण फिकट. आणि खिडकीतला, विसरलेला फ्लास्क? त्यात वाढ कमी, अर्धं पाणी उडालेलं, तळाशी पातळ थर. त्या थराला अस्सल सोड्यांचा रंग.

एका फ्लास्कवरून सिद्धांत मांडू नये, हे मी पोरांना शिकवतो, त्यामुळे स्वतः मोडत नाही. पण याच्याशी जुळणाऱ्या गोष्टी अनेक प्रयोगशाळांत मोजल्या गेल्या आहेत. प्रकाश दिला की या यीस्टचा रंग वाढतो. साखर मुबलक पण नत्र तुटपुंजं असलं की वाढ थांबते आणि ती चरबी साठवायला लागते. हिची एक बहीण, टोरुलॉइडिस, तर वजनाच्या निम्म्याहून जास्त चरबी करते, आणि रंग त्या चरबीत जमतो. मीठ, थोडा त्रास, थंडी-ऊन यांनी छटा बदलते. आम्ही तिला पंचपक्वान्नं वाढली, अंधाऱ्या शेकरमध्ये झोके दिले आणि वर छत्री का उघडत नाही म्हणून रुसलो. जाणकार म्हणूनच दोन टप्प्यांत काम करतात: आधी पोटभर घालून वाढवायचं, मग ताट ओढून घ्यायचं.

पुढे रंग बाहेर काढणं. इथे तर तिनं आमचा अंत पाहिला. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी तळाशी बसवल्या: नळीच्या टोकाला चण्याएवढा गुलाबी गोळा. त्यावर अ‍ॅसिटोन ओतलं. कॅरोटिनॉइड अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतात, पुस्तकात तसंच लिहिलेलं असतं. अ‍ॅसिटोन स्वच्छ राहिलं, गोळा गुलाबी राहिला. तिची भिंत इतकी जाड की द्रावक आत शिरतच नाही. मग काचेचे बारीक मणी घालून नळी हलवली, हात दुखेपर्यंत. अ‍ॅसिटोनला जरा पिवळसर झाक आली. मग डायमिथिल सल्फॉक्साइड घालून गोळ्याची नळी गरम पाण्यात पंचावन्न अंशांवर तासभर ठेवली, आणि त्यानंतर अ‍ॅसिटोन घातल्याबरोबर नळीत शेंदरी ढग उठला. सगळं सेपरेटिंग फनेलमध्ये ओतलं, पेट्रोलियम ईथर आणि मिठाचं पाणी घालून हलवलं, स्टँडला लावलं. दोन मिनिटांत थर वेगळे झाले. खाली पाणी, वर तिखल्याच्या तवंगासारखा झळझळीत थर. तळाशी उरलेला गोळा पांढरा, रंग जाऊन ओळखू न येणारा. दोघींपैकी एकीनं नकळत ‘‘बिचारी’’ म्हटलं.

एवढ्यावर सुटका नाही. बाहेर काढलेला रंग उजेडात टिकत नाही. म्हणून ट्यूबलाइट बंद, नळ्यांना चांदीचा कागद, खिडकीवर चादर. आत असताना जो रंग तिचं उन्हापासून रक्षण करत होता, त्यालाच बाहेर आल्यावर उन्हापासून आम्ही जपत बसलो होतो.

आणि हाती लागतं किती? सर्वसाधारणपणे एक ग्रॅम सुक्या यीस्टमध्ये काही शे मायक्रोग्रॅम. तीनशे धरा. लिटरभर द्रावणात दहा ग्रॅम सुकं यीस्ट आलं तर रंग तीन मिलिग्रॅम. म्हणजे एक ग्रॅम रंगाला सव्वातीनशे लिटरच्या वर द्रावण, पंधरा लिटरच्या बावीस बादल्या. सुधारलेले वाण यापेक्षा बरंच जास्त देतात, आणि हा रंग लागतोही कणभरच, हे खरं. पण पोरींनी बादल्यांचा हिशेब फळ्यावर मांडल्यावर त्यांचा नैसर्गिक रंगाचा कारखाना त्या दुपारपुरता बंद पडला.

मागणी मात्र आहे. २०२४च्या फेब्रुवारीत तमिळनाडूनं म्हातारीचे केस विकायला बंदी घातली, पाठोपाठ मार्चात कर्नाटकानं रंगीत म्हातारीच्या केसांवर. कारण त्यांत रोडामाइन-बी सापडलं. हा कापडाचा रंग, पोटात जाऊ नये असा. गंमत पाहा, रोडामाइन आणि रोडोटोरुला दोघांच्या नावात तोच ग्रीक गुलाब. एक बदनाम होऊन घराघरात शिरलेला, दुसरी बहुधा निरुपद्रवी रंग घेऊन दाराबाहेर ताटकळत. कारण परवानगीच्या यादीत हळदीचं कर्क्युमिन आहे, केशर आहे, बीटा-कॅरोटीन आहे, टोरुलीन-टोरुलार्‍होडिन नाहीत. बीटा-कॅरोटीनला युरोपात परवाना मिळाला तो ब्लेकस्लिया नावाच्या बुरशीपासून काढलेल्यालाही. म्हणजे बुरशी असण्याला कोणाची हरकत नाही. हिच्या दोन खास रंगांच्या सुरक्षेची कागदपत्रं अजून पुरी व्हायची आहेत, एवढंच.

घराण्यात नशीब उघडलं ते लांबच्या एका नातलगाचं. कॅलिफोर्नियातले हर्मन फाफ यांनी जपान आणि अलास्काच्या जंगलांत झाडांच्या खोडांतून पाझरणाऱ्या रसात एक लाल यीस्ट शोधलं. १९७६ मध्ये त्याला त्यांचंच नाव मिळालं, फाफिया. ते थेट कोलंबीचा अ‍ॅस्टाझँथिन बनवतं, शिवाय साखरही फसफसवतं. सॅमन माशाचं मांस गुलाबी व्हावं म्हणून त्याच्या खाद्यात ते घालतात. आपल्याकडचं नाव घ्यायचं तर यारोविया, हेही यीस्टच, पण घराणं वेगळं. मुंबईजवळच्या तेलकट समुद्रातून काढलेला तिचा एक वाण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संग्रहात एनसीआयएम ३५८९ या क्रमांकानं ठेवलेला आहे, आणि पुणे विद्यापीठात स्मिता झिंजार्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या तेल खाण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आम्ही मिरकरवाड्याला शोधायला गेलो होतो ते जिवाणू, पण असलेच तेलखाऊ. यारोविया पांढरी, पण एल-डोपा नावाचं द्रव्य दिलं की तपकिरी-काळं मेलॅनिन करते, आपल्या केसांत असतं तसलं. हल्ली तिच्यात बाहेरची जनुकं घालून तिच्याकडून बीटा-कॅरोटीनही करवून घेतात. सांगाल ते करणारी, हुशार सून.

आत्याबाईचं तसं नाही. तिच्यासाठी मला त्यातल्या त्यात जवळची वाट दिसते ती माशांच्या खाद्याची. शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, किनाऱ्यावर कोलंबीची तळी आहेत, शोभेच्या माशांचा धंदा रंगावरच चालतो. खाद्यात द्यायचं तर अ‍ॅसिटोन नको, ईथर नको. भिंत फोडलेलं सुकं यीस्टच घालायचं, त्यात प्रथिन आणि चरबीही आयती. बोंडूचा रस, कॅनिंगच्या कारखान्यातली आंब्याची सालं, खाडीतलं यीस्ट आणि तळ्यातली कोलंबी, सगळं दहा कोसांच्या आत. हे माझं मनातलं गणित आहे. परवाने, वीज आणि भांडवल धरल्याशिवाय ते फळ्यावर लिहायचं मी टाळतो.

पोरींचा प्रकल्प बऱ्या गुणांनी पार पडला. फ्लास्क धुतले, थाळ्या उकळून टाकल्या, एक तिरपी नळी फ्रिजमध्ये ठेवली. मामा त्याच वर्षी निवृत्त झाले.

त्या जूनमध्ये घरी न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यात आणि साबणदाणीच्या तळाला गुलाबी रेघ उमटली. पावसाळ्यात आमच्याकडे ती दरवर्षी येते. आई शेंडीनं घासते, फिनेल ओतते, आठ दिवसांत रेघ परत. असली गुलाबी रेघ कधी कधी सेराशिया नावाच्या जिवाणूची असते, कधी हिची. नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. मी कापसाच्या काडीवर थोडीशी घेतली, कॉलेजात नेऊन थाळीवर ओढली. चौथ्या दिवशी पोवळ्यासारखे थेंब, फासाला सुटणारी तार, सूक्ष्मदर्शकाखाली कोंब फुटलेल्या लंबगोल पेशी.

संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई न्हाणीघरातच होती, पदर खोचून.

‘‘काय निघालं रे ते?’’

‘‘आत्या,’’ मी म्हटलं.

‘‘वाटलंच मला,’’ आई म्हणाली, आणि तिनं शेंडी परत बादलीत बुडवली.